घर विकताना घराचा इतिहास किती सांगायचा?

मी मूळचा सुर्ल्याचा, तालुका डिचोली. बी.कॉम. झाल्यावर सगळी नोकरी बँकेत केली, त्यातली बरीच वर्षं घरकर्जाच्या टेबलावर. हल्ली गावातली जुनी घरं विकायला निघाली आहेत. मुलं पुण्याला, दुबईला, घराला कुलूप. म्हणून हा विषय लिहून ठेवतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घेणारा गावातलाच असायचा. कुठल्या घरात कोणाचा वाटा, विहिरीवर कोणाचा हक्क, भाटात मुंडकार कधीपासून, हे त्याला विकणाऱ्याइतकंच ठाऊक. आता घेणारा दिल्लीहून येतो. त्याला माड आणि कौलं दिसतात, बाकी काही दिसत नाही.

कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा, गोव्यात तो लागू झाला १९६५ साली. त्याचं कलम ५५ सांगतं, की मालमत्तेत किंवा मालकीत मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगायलाच हवा. न सांगणं ही लबाडी धरली जाते. मागितले तर कागद दाखवायचे, विचारलं तर माहीत असेल ते सांगायचं. करारात वेगळं ठरलं नसेल, तर हे विकणाऱ्यावर बंधनकारक.

आता आपल्याकडे हे दोष लपतात कुठे?

पहिली जागा नात्यांत. पोर्तुगीज नागरी कायदा १८६७चा, इथे १८७०पासून. त्याप्रमाणे लग्नानंतरची मिळकत साधारणपणे नवराबायकोची सामायिक. म्हणून विक्रीखतावर बायकोची सही लागते, मुलींची लागते आणि जावयांचीसुद्धा. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर असतं आजोबांचंच नाव. इन्व्हेंटरी कधी झालेलीच नसते. मुंबईला दिलेली आत्या उताऱ्यात सापडत नाही, घरच्यांना मात्र पक्की ठाऊक असते.

दुसरी जागा मुंडकार. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. भाट विकलं म्हणून तो हक्क संपत नाही.

तिसरी जागा गावाचाच इतिहास. आमच्या तालुक्यातलं मये घ्या. मुक्तीनंतर मयेचे काउंट पोर्तुगालला गेले. १९६४च्या कायद्याने त्यांची जमीन कस्टोडियनच्या ताब्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या हाती मालकीचा कागद नव्हता. शेवटी २०१४ साली कायदा करून सरकारने ती जमीन आपल्याकडे घेतली, तेव्हा कुठे लोकांना सनदा मिळण्याची वाट उघडली. घर शंभर वर्षांचं असेल, घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा असेल, तरी घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. हे वाक्य मी बँकेत किती वेळा बोललो असेन!

आणि आमच्या पट्ट्यातली खाण. २०२२च्या डिसेंबरात डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला, आणि मुळगावसारख्या गावांतले लोक म्हणू लागले, आमची घरं, देवळं, शेतं त्यातून वगळा. पट्ट्याची हद्द काही घराच्या भिंतीवर लिहिलेली नसते. उन्हाळ्यात विहीर आटते, हेही पावसाळ्यात घर बघायला आलेल्याला कसं कळणार?

घरात कोणाचा अपमृत्यू झाला होता का, हेही लोक दबक्या आवाजात विचारतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यात यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. त्याआधीचा मृत्यू विकणाऱ्याने आपणहून सांगायची गरज नाही. पण थेट विचारलं तर खोटं बोलता येत नाही. आपल्याकडे अशी मुदत कुठे लिहिलेली नाही. माझं मत असं, की विचारलं तर खरं ते सांगावं. भीती वाटायची की नाही, ते घेणारा ठरवील.

आमच्या घराचीच गोष्ट सांगतो. मागच्या भाटात मुंडकाराचं घर, माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. विक्रीचं बोलणं निघालं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं सांगितलंत तर भाव पडणार. त्यांचा वकील शोधील की." मी म्हटलं, "शोधू दे. पण आपल्याला माहीत आहे ना?" आम्ही सांगितलं. भाव पडला, पहिलं गिऱ्हाईक गेलं. मग मामलेदाराकडे जाऊन मुंडकाराच्या जागेचं आधी रीतसर त्याच्या नावावर केलं, आणि उरलेलं विकलं. दोन वर्षं जास्त लागली, पैसे थोडे कमी आले. पण ज्या बाईने माझ्या आईच्या बाळंतपणात पाणी भरलं, तिच्या नातवाला परक्या माणसाशी कोर्टात भांडायला लागलं नाही.

म्हणून सांगणं एवढंच. विकायचं असो नसो, घरातली वडील माणसं आहेत तोवर एका कागदावर लिहून घ्या: वाटेकरी कोण, मुंडकार कोण, कूळ कोण, वाट कोणाची, विहिरीचं पाणी मे महिन्यात किती. विक्रीच्या वेळी तो कागद कराराला जोडा. उताऱ्यात नसलेल्या कितीतरी गोष्टी फक्त या माणसांना ठाऊक आहेत, आणि त्यांची वयं आता माझ्यासारखीच सत्तरीच्या पुढे गेली आहेत.