निळी माती आणि हिरवा खडक

इ. स. १८५९ च्या जून महिन्यांत, आज अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत मोडणाऱ्या एका उजाड डोंगरावर, पीटर ओरायली व पॅट्रिक मॅक्लॉग्लिन हे दोन खाणकरी सोन्याच्या कणांसाठीं माती धूत होते. सोनें मिळे, परंतु त्याबरोबर एक जड, निळसर माती येई व धुण्याच्या पेटींत घट्ट बसे. ती ते वैतागून फेकून देत. पुढें कोणी तिचा नमुना कॅलिफोर्नियांत परीक्षेस नेला, तेव्हां एका टनांत तीन हजार डॉलरांहून अधिक किंमतीचें रुपें व सोनें असल्याचें दिसून आलें; त्यांतहि रुप्याचाच वांटा मोठा होता! हेन्री कॉमस्टॉक नांवाच्या एका बोलघेवड्या गृहस्थानें जागेवर हक्क सांगितला व शिरेस त्याचेंच नांव पडलें. आपला वांटा त्यानें ११,००० डॉलरांस विकला आणि १८७० त स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या शिरेंतून पुढें तीस कोटी डॉलरांहून अधिक धन निघालें.

हें रुपें तेथें आलें कोठून? वज्रेश्वरीच्या ऊन कुंडांत ज्यांनीं स्नान केलें असेल त्यांस याची कल्पना करणें कठीण नाहीं. सुमारें एक कोटी चाळीस लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या खडकांतील एका लांब भेगेंतून अतिशय तप्त पाणी वर येत होतें. खोलींत दाबामुळें तें उकळूं शकत नसे. वर दाब कमी होतांच उकळे, आणि विरघळलेलीं द्रव्यें गारगोटीबरोबर भेगेंत सोडून जाई. बाजूचा खडकहि तसाच राहिला नाहीं. दूरच्या खडकांत क्लोराइट व एपिडोट हीं हिरवीं खनिजें बनलीं. शिरेलगतच्या खडकाची तर चिकणमाती झाली.

हा हिरवा खडक बॅरन फॉन रिख्तहोफेन या जर्मन भूशास्त्रज्ञानें पाहिला. ज्वालामुखींतून प्रथम बाहेर पडणारा हा एक स्वतंत्र खडक आहे असें समजून त्यानें त्यास ग्रीक भाषेंतील महाद्वारवाचक शब्दावरून ‘प्रॉपिलाइट’ असें नांव दिलें. शीर पुष्कळ खोलवर गेलेली असली पाहिजे, असेंहि त्यानें १८६६ त लिहिलें. तें लिखाण प्रसिद्ध केलें सुत्रो बोगद्याच्या कंपनीनें. अर्थात् तिला तें सोयीचेंच होतें. पुढें १८८२ त जॉर्ज बेकर यानें दाखवून दिलें कीं, हा निराळा खडक नसून ऊन पाण्यानें पालटलेला अँडेसाइट आहे. खडक गेला, नांव मात्र उरलें. आजहि अशा हिरव्या पालटास भूशास्त्रज्ञ तेंच नांव देतात व त्याच्या आधारें शिरांचा माग काढतात.

खाणींतल्या मजुरांस मात्र या पालटाची ओळख निराळ्या रीतीनें पटली. ती चिकणमाती हवा लागतांच फुगे व जाडजूड खांब काडीसारखे मोडी. १८६० त फिलिप डायडेशायमर यानें लांकडी चौकटींचे घनाकार सांगाडे एकावर एक रचण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें काम सुरक्षित झालें. परंतु डोंगराच्या पोटांत असें लांकडाचें अरण्य उभें राहिल्यावर आगीची भीति आली. १८६९ च्या एप्रिलांत यलो जॅकेट खाणींतील आगींत निदान ३५ माणसें मरण पावलीं.

१८७३ त सुमारें १२०० फूट खोलीवर सर्वांत मोठा सांठा लागला, आणि खोल खणण्याचा मोह अनावर झाला. खोलीबरोबर उष्णता वाढली. मजूर बर्फ चघळीत, कांहीं मिनिटें काम करीत व थंड हवेंत येऊन पडत. कोणी कढत पाण्यांत पडून जिवास मुकले. ३००० फुटांच्या आसपास जें पाणी फुटलें तें सुमारें १७० अंश फॅरनहाइट इतकें तापलेलें होतें. शीर घडविणारें तें प्राचीन पाणी हें नव्हे; परंतु वाट त्याच भेगांची होती. सहा किलोमीटरांहून लांब असा सुत्रोचा बोगदा १८७८ त खाणीला भिडला, तोंवर खाणी त्याच्याहि खालीं उतरल्या होत्या. इतकें करून तळाशीं तसा सांठा पुन्हां लागलाच नाहीं, कारण रुपें सुटण्याची जागा वरच, पाणी जेथें उकळलें तेथें होती. लवकरच पंप थांबले व खालचे मजले पाण्याखालीं गेले.

तेथून थोड्याच मैलांवर स्टीमबोट नांवाचे ऊन झरे होते. त्यांच्या सांक्यांत पारा, तसेंच सोन्यारुप्याचा किंचित् अंश सांपडल्यामुळें, शीर बनतांना पाहावयास भूशास्त्रज्ञ तेथें जात. आतां तेथील तप्त पाण्यावर वीज उत्पन्न केली जाते, आणि झऱ्यांचें वाहणें थांबलें आहे.