टोपी, निशाण आणि मार्शल लॉ



सोलापूरकरांना १९३० च्या मार्शल लॉची हकीकत सांगणे म्हणजे वारकऱ्याला पंढरीची वाट दाखवण्यासारखे आहे. तेव्हा ती सारी हकीकत मी सांगत बसत नाही. तिच्यातील एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूविषयी मला आज बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे टोपी. हाती बंदूक आणि फासाचा दोर असलेल्या सत्तेने वीतभर कापडाची धास्ती का घ्यावी, हा प्रश्न मला फार दिवस पडलेला आहे.

तारखा तेवढ्या ध्यानात घेऊ. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढले. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गाव खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला. निशाण घेऊन पुढे झालेला शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. पुढचे दोनतीन दिवस शहरात सरकारचा अंमल असा उरलाच नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या अमलात राष्ट्रीय निशाण मिरवणे गुन्हा ठरले, आणि गांधी टोपी घालणे हाही गुन्हा ठरला.

आता या टोपीकडे कारागिराच्या नजरेने पाहू. आपल्याकडे पूर्वी माणसाचे डोके पाहिले की त्याचा सारा दाखला मिळे. ब्राह्मणाची पगडी निराळी, सरदाराची निराळी, व्यापाऱ्याची निराळी; कोणाचा फेटा, कोणाचा रुमाल, कोणाचे मुंडासे. गाव, पेशा, जात ही सारी कपाळाच्या वरच लिहिलेली असत. पगडी बांधणे ही स्वतंत्र कला होती, आणि ती जाणणारे कारागीर त्यावर पोट भरीत. १९२० च्या सुमारास गांधीजींनी नव्या टोपीचा विचार केला तो कसा, हे काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवले आहे. प्रांतोप्रांतीची शिरोभूषणे गांधीजींनी मनाशी तपासली. पंजाबी फेट्याला कापड फार लागते. काळ्या टोपीत घाम आणि मळ जिरतो, पण दिसत नाही. काश्मिरी टोपी हलकी, घडी करून खिशात मावणारी, शिवायला सोपी. तीच त्यांनी पसंत केली; फक्त रंग पांढरा घेतला, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो आणि म्हणून ती धुवावी लागते. उपयुक्त वस्तूची घडण कशी ठरवावी याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

आणि नेमके हेच गुण लष्करी अमलाला जाचले. पगडी हिसकावली तर माणूस नवी कोठून आणणार? ही टोपी मात्र दोनचार शिवणींची. एक काढून घेतली तर घरात दुसरी शिवून होते; शिपाई दिसला की खिशात जाते, तो वळला की डोक्यावर येते. शिवाय सोलापूर पडले गिरण्यांचे गाव. १८७७ पासून जुन्या मिलचा भोंगा येथे वाजत होता. टोपी शुद्ध खादीची की मिलच्या मांजरपाटाची, हे शिपायाने चिमटीत धरून पाहावे तरी कसे? (काँग्रेसचे शिस्तप्रिय कार्यकर्ते मात्र ते जरूर पाहत!) तेव्हा बंदी कापडावर घालता येईना, ती आकारावर घालावी लागली.

सोलापुरातील अंमल परक्यांचा आणि जेमतेम सात आठवड्यांचा. त्याला वस्तू हिसकावता आल्या, नव्या घडवता आल्या नाहीत. हुकूमशाहीला सवड आणि स्वतःचे कारागीर मिळाले म्हणजे काय होते, ते पाहायला तीनच वर्षे पुढे, जर्मनीत जावे लागते. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एक स्वस्त रेडिओ मांडला गेला. त्याचे नाव होते ‘लोकांचा रेडिओ’, किंमत ७६ मार्क, आणि क्रमांक ३०१, म्हणजे हिटलर सत्तेवर आला ती ३० जानेवारीची तारीख. पेटी काळी, साधी, देखणी. आजही कलासंग्रहालयात शोभते. दूरची परदेशी केंद्रे त्यावर सहजी मिळत नसत, आणि सप्टेंबर १९३९ पासून ती ऐकणेच गुन्हा झाले. १९४१ च्या जानेवारीत तर छापखान्यातल्या अक्षरांवर हुकूम सुटला: ज्या वळणदार जुन्या लिपीला ‘खरी जर्मन’ म्हणून मिरवले, तीच यहुदी ठरवून बाद केली. म्हणणे खोटे होते; पण खिळे जुळवणाऱ्याला वाद घालण्याची मुभा नव्हती. मला त्या काळ्या पेटीची अधिक भीती वाटते. टोपी हिसकावणारा शिपाई निदान दिसतो.

टोपीने आणखी एक गोष्ट केली, ती सोलापुरात विशेष जाणवते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. या चौघांच्या आजोबांना कोणी आपल्या पेठेत एकत्र पाहिले असते, तर डोक्यांवरूनच चार निराळ्या पंगती मांडल्या असत्या. कानडी, उर्दू, मराठी, मारवाडी बोलणाऱ्या या गावाला एका आकाराखाली आणणारी वस्तू सरकारला नको होती, यात मला नवल वाटत नाही.

निशाणाची गोष्ट सांगून थांबतो. १९३० चे ते निशाण आजचे नव्हते. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर चरखा, असे ते होते. ऑगस्ट १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला. १९४७ मध्ये चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. चार पुतळ्यांपाशी आपण आज जे निशाण नेतो, ते त्या चौघांपैकी एकानेही पाहिलेले नव्हते.