आखातवाल्यांची विमान कंपनी

२९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबू धाबीकडे एक बोइंग ७३७-८०० झेपावलं आणि एअर इंडिया एक्स्प्रेसचा कारभार सुरू झाला. स्वस्त विमानप्रवासाचं वारं भारतात तेव्हा नुकतंच वाहू लागलं होतं, पण एअर डेक्कनसारख्या कंपन्यांचा भर देशातल्या शहरांवर होता. एअर इंडियाच्या या उपकंपनीनं पहिल्याच दिवशी परदेशाची वाट धरली, कारण तिचा प्रवासी आधीच ठरलेला होता. आखातातल्या बांधकामांवरचे गवंडी, दुकानांतले नोकर, ड्रायव्हर, परिचारिका हे सगळे वर्षा-दोन वर्षांनी गावी येणारे लोक, आणि त्यांत मोठा वाटा केरळचा. सुट्टीच्या हंगामात तिकिटांचे दर कसे कडाडतात, ही त्या राज्याची जुनी तक्रार होती. त्या तक्रारीला सरकारी विमान कंपनीनं दिलेलं हे उत्तर होतं.

कागदोपत्री मात्र कंपनी जुनीच. एअर इंडियानं १९७१मध्ये स्थापन केलेली एअर इंडिया चार्टर्स लिमिटेड हाताशी होती, तिच्याच नावावर नवा व्यवसाय उभा राहिला. पुढे २०१३मध्ये मुख्यालयही कोचीला गेलं.

ताफा बघितला की या कंपनीचा सगळा विचार कळतो. सुरुवातीची विमानं भाड्यानं घेतलेली. एअर इंडियानं २००६मध्ये बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्यांतली १८ विमानं, सगळी ७३७-८००, या उपकंपनीसाठी होती. एकाच जातीचं विमान असलं की वैमानिकांचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, देखभालीची पद्धतही एक. केरळ किंवा मंगळूरहून दुबई-अबू धाबी साधारण चार तासांच्या आत, त्यामुळे संध्याकाळी निघालेलं विमान त्याच वैमानिकांना घेऊन पहाटे परतू शकत असे. विमान जमिनीवर जितकं कमी थांबेल, तितकं तिकीट स्वस्त. शेपटीवर मात्र या काटकसरीची सावली नव्हती. प्रत्येक विमानाच्या शेपटीच्या दोन बाजूंना भारतातल्या कला, वास्तू, परंपरांची दोन वेगवेगळी चित्रं असत.

याच घट्ट वेळापत्रकाची दुसरी बाजू २२ मे २०१० रोजी देशानं पाहिली. दुबईहून पहाटे मंगळूरला उतरणारं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६पैकी १५८ जण गेले. चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. मुख्य वैमानिक उड्डाणातला बराच काळ झोपेत होता आणि सहवैमानिकानं पुन्हा वर जाण्याबद्दल सांगूनही त्यानं उतरणं सोडलं नाही, असा निष्कर्ष निघाला. हेच वैमानिक आदल्या रात्री मंगळूरहून दुबईला गेले होते.

पैशाचा हिशेब पुढे सुधारला. मूळ कंपनी तोट्यात रुतलेली असताना २०१५-१६मध्ये या उपकंपनीनं पहिल्यांदा निव्वळ नफा दाखवला. करोनाकाळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतली पहिली विमानं ७ मे २०२० रोजी आखातातून केरळात आली, तीही हिचीच. ज्या कामगारांच्या जिवावर ही कंपनी उभी राहिली, त्यांच्या अडचणीच्या वेळी ती धावली, हे तिच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम मानावं लागेल.

बरोबर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, दुबईहून आलेलं विमान कोझिकोडला पावसात घसरलं. तीही धावपट्टी माथ्यावरचीच. २१ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातून आलेले अनुभवी मराठी वैमानिक, आणि त्यांचे सहवैमानिक दोघेही गेले. चौकशी अहवालानं वैमानिकाची चूक नोंदवली. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं होतं. पण दुसऱ्या सकाळच्या उड्डाणासाठी परत पोचण्याची साठे यांना निकड होती, हेही अहवालात आहे. कोझिकोडच्या तळावर २६ सहवैमानिक होते आणि कॅप्टन एकच. एवढ्या मोठ्या तळाचा भार एकाच कॅप्टनवर टाकणाऱ्या नियोजनाचा वाटा या अपघातात लहान नव्हता.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियासोबत ही कंपनी टाटांकडे आली तेव्हा ताफा २४ विमानांचा होता. त्यानंतर चित्र झपाट्यानं पालटलं. टाटांच्याच एअर एशिया इंडियाचं १ ऑक्टोबर २०२४ रोजी एक्स्प्रेसमध्ये विलीनीकरण झालं. तिच्यासोबत एअरबस ए-३२० विमानं आली, म्हणजे एकाच जातीच्या ताफ्याचा जुना नियम मोडला. शिवाय बोइंग ७३७ मॅक्स येऊ लागली. सुरुवातीची बरीचशी मुळात चिनी कंपन्यांसाठी बांधलेली होती, म्हणूनच ती इतक्या लवकर मिळाली. नव्या रंगसंगतीतल्या पहिल्या मॅक्सच्या शेपटीवर बांधणीची नक्षी होती. २०२५मध्ये ताफा शंभरापलीकडे गेला. मुख्यालय तोवर कोचीहून गुरुग्रामला हललं होतं, आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथून पहिल्याच दिवशी उड्डाणं करणाऱ्या कंपन्यांत एअर इंडिया एक्स्प्रेस होती, देशांतर्गत मार्गांवर.