पोड, पट्टा आणि घर

मुकुटबनच्या परिसरात कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा बोलणारा हा समाज सरकारदरबारी 'आदिम जमात' म्हणून नोंदला गेला आहे. महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंड धरून अशा तीनच जमाती आहेत.

कोलाम बेघर कसे झाले, हे समजून घ्यायला पैनगंगा ओलांडावी लागते. पलीकडे आदिलाबादेत, निजामाच्या राज्यात, राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि गोंड-कोलामांच्या जुन्या वस्त्या एका रेघेसरशी अतिक्रमण ठरल्या. वस्त्या उठवल्या गेल्या. १९४० साली बाबेझरीच्या जमिनीवरून कुमरम भीम यांनी उठाव केला; जोडेघाटात ते मारले गेले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी या भागाचा अभ्यास केला आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळू लागले. बेघरपणावरचा इलाज छपराआधी जमिनीपासून सुरू झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हाच धागा पुढे नेला. त्यात आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा सामूहिक हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी बेकायदा हुसकावलेल्यांना पुनर्वसनाचाही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून आता पक्की घरे मिळतात.

ती मिळावीतच. पण मुकुटबनच्या मातीखाली कोळसा आणि चुनखडी आहे. पोडाखालची जमीन कोलामांच्या नावावर नसेल, तर उद्या पक्क्या भिंती पाठीवर घेऊन त्यांनी जायचे कुठे?