बसऱ्याची मोहीम आणि मराठी पलटणी

वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहतांना त्यांचा एखाद्या युद्धाशीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तळमजला व त्यावर तीन मजले, दर मजल्यावर २० खोल्या, दर खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि ओळखीसाठीं प्रत्येक चाळीला एक आकडा, अशा १२१ इमारती एकट्या वरळींत उभ्या राहिल्या. मुंबई सरकारनें १९२० सालीं काढलेल्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या खात्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना हें नांव पडलें. पण असें खातें काढण्याची निकड कां भासली? याचें उत्तर शोधूं गेल्यास १९१४ सालच्या महायुद्धापर्यंत मागें जावें लागतें. युद्धकाळांत विलायती कापडाची आवक घटली, गिरण्यांस काम वाढलें, आणि कोंकणांतून व घाटावरून माणसांची रीघ मुंबईकडे लागली. धान्य महागलें, भाडीं वाढलीं. १९१८ सालीं भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला, आणि १९१९ च्या जानेवारींत एक लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. कामगारांना राहावयास जागा हवी, ही गोष्ट सरकारास त्यानंतर पुरती पटली.

ज्या रत्नागिरी, सातारा व कोल्हापूर या भागांतून गिरण्यांना माणसें मिळालीं, त्याच भागांतून सरकारी पलटणींनाही माणसें मिळत होतीं. डोंगराळ मुलूख, तुटपुंजी शेती आणि सारा हवाला पावसावर. अशा घरांतून एका भावानें गिरणींत जावें व दुसऱ्यानें पलटणींत जावें, हा प्रपंच चालविण्याचा नेहमींचा मार्ग होता. दोघांच्याही मनीऑर्डरी गांवीं एकाच पोस्टमनच्या हातून येत. गिरणींत गेलेल्यांच्या पिढ्या वरळी, नायगांव व शिवडी येथील चाळींत नांदल्या, आणि त्यांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला. पलटणींत गेलेल्यांची कथा मात्र पुष्कळशी बसऱ्याकडेच राहिली.

पूर्वींच्या युद्धांचा निकाल बहुधा एका दिवसांत लागत असे. पानिपतचा निकाल १४ जानेवारी १७६१ रोजीं दिवस मावळण्याच्या आंत लागला होता. महायुद्धानें निराळाच प्रकार दाखविला. यंत्रतोफा, कांटेरी तारा व खंदक यांमुळें चाल करून जाणाऱ्याची हानि भयंकर होऊं लागली. आघाडी महिनेच्या महिने एकाच जागीं खिळून राहूं लागली. आणि शत्रूला जिंकण्यापेक्षां त्याला झिजविणें हाच युद्धाचा हेतु होऊन बसला. अशा युद्धांत शौर्याला किंमत नसते असें नाहीं. पण शेवटचा शब्द कोठाराचा असतो. पीठ किती, औषध किती, बोटी किती, आणि पडलेल्यांच्या जागीं उभीं करावयास माणसें किती, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर जय-पराजय ठरतो. फ्रान्समधील व्हर्दून व सोम येथील १९१६ च्या लढाया याचीं मोठीं उदाहरणें म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. मराठी शिपायाला हा धडा त्याच सालीं तैग्रिस नदीच्या कांठीं, कूत या गांवीं मिळाला.

तुर्कस्तान युद्धांत उतरतांच १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांतून एक सैन्य इराणी आखाताच्या टोंकाशीं उतरलें, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस बसरा शहर त्याच्या हातीं आलें. या सैन्यांत ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा या पलटणी होत्या. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री मागाहून येऊन मिळाली. आरंभींचा हेतु मर्यादित होता : इराणांतून येणाऱ्या तेलाचें व आखाताचें रक्षण करावें, इतकाच. परंतु १९१५ च्या एप्रिलांत शैबा येथें जय मिळाला, नदीकांठचीं गांवें एकामागून एक पडत गेलीं, आणि यशाबरोबर हांवही वाढली. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या डिव्हिजननें, जिला 'पुणें डिव्हिजन' म्हणत, थेट बगदादकडे मोर्चा वळविला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफॉन येथें गांठ पडली. तेथें सुमारें ४,६०० माणसें मेलीं वा जखमी झालीं. म्हणजे लढावयास उभ्या राहिलेल्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक. बसरा नदीमार्गानें शेंकडों मैल मागें राहिलेला, आणि पडलेल्यांची जागा घ्यावयास जवळ माणूस नाहीं. सैन्य मागें फिरलें व ३ डिसेंबर रोजीं कूत येथें येऊन थांबलें.

कूत हें तैग्रिसच्या वळणांत वसलेलें गांव. तिन्ही बाजूंस नदी, आणि चौथ्या बाजूस खणलेले खंदक. डिसेंबरच्या २४ तारखेस तुर्कांनीं खंदकांच्या टोंकाच्या किल्ल्यावर निकराचा हल्ला केला. किल्ल्याच्या बचावांत १०३ वी मराठा पलटण होती. हल्ला परतविला गेला आणि तुर्कांची फार हानि झाली. यावरून तुर्क सेनापतींनीं काय तें ओळखलें. भिंत फोडण्यापेक्षां आंतल्या माणसांस उपाशी ठेवणें स्वस्त पडतें! त्यांनीं हल्ले सोडले, आणि मदतीस येणाऱ्या सैन्याची वाट अडविण्यासाठीं कूतच्या खालच्या अंगास, नदी व दलदल यांच्या मधल्या अरुंद पट्टींत, खंदकांच्या रांगा खणल्या.

आंत अन्नाचा हिशेब आरंभींच चुकला. कोठारांची व घरांची पुरती मोजदाद न होतांच, शिधा थोडेच दिवस पुरेल असें टाउनशेंड यांनीं कळविलें. त्यामुळें मदतीस निघालेल्या सैन्यास पुरतें जमण्याचीही सवड मिळाली नाहीं. जी तुकडी बोटींतून उतरली ती तशीच पुढें ढकलली गेली. मग घरोघर झडती घेतली तेव्हां बराच सांठा निघाला आणि वेढा एप्रिलअखेरपर्यंत टिकला. पण तोंपर्यंत जानेवारींत शेख साद, वाडी व हन्ना येथें चिखलपाण्यांत हजारों माणसें पडून गेलीं होतीं. मार्चांत दुजैला व एप्रिलांत सन्नायात येथें पुन्हां तोच प्रकार झाला. सुमारें १३,००० लोकांस सोडविण्यासाठीं सुमारें २३,००० माणसांची हानि झाली, आणि तरीही सुटका झाली नाहीं. या युद्धाचा हिशेब याहून थोडक्यांत सांगतां यावयाचा नाहीं.

वेढ्यांतील हिंदी शिपायांपुढें आणखी एक संकट होतें. जनावरें मारून त्यांचें मांस वांटण्यांत येऊं लागलें, तेव्हां बहुतेकांनीं घोड्याच्या मांसास हात लावला नाहीं. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून अनुज्ञेच्या तारा मागविण्यांत आल्या. पण शिपायाचें भय धर्मगुरूचें नव्हतें, गांवाचें होतें. घरीं परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, मुलीबाळींचीं लग्नें कशीं होतील, हा विचार पोटांतल्या भुकेहून बळकट ठरला. भाजीपाल्यावांचून स्कर्व्हीचा रोग त्यांच्यांत पसरला, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. शेवटीं शेवटीं दिवसाला दहा-बारा तोळे पीठ हातावर पडूं लागलें, तेव्हां एप्रिलांत पुष्कळांनीं तें मांस पत्करलें. विमानांतून पिठाचीं पोतीं टाकून पाहिलीं. तीं पुरेशीं नव्हतीं आणि कांहीं नदींत पडलीं. २४ एप्रिलच्या रात्रीं अन्नानें भरलेली 'जुलनार' ही बोट तुर्कांच्या पहाऱ्यांतून काढण्याचा प्रयत्न झाला. तीही पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शरण गेलें.

ही हार खंदकांत झाली नव्हती; ती मागल्या बाजूस, कोठारांत व कचेऱ्यांत झाली होती. बसऱ्यास पुरेसे धक्के नव्हते. मालाच्या बोटी आठवडेच्या आठवडे खोळंबून राहत. बसऱ्याहून वर जावयास रेल्वे नव्हती, आणि नदींत चालणाऱ्या उथळ बोटी गरजेच्या मानानें फारच थोड्या होत्या. टेसिफॉनचे जखमी स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून व मग बोटींच्या उघड्या डेकवरून दाटीवाटीनें, धड शुश्रूषा न होतां, बसऱ्यास आले. त्यांची ती दशा पाहून मेजर कार्टर या डॉक्टरानें तक्रार केली, तर उलट त्यालाच दटावण्यांत आलें. पुढें १९१७ सालीं चौकशी समितीनें या साऱ्यास वाचा फोडली, हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर ठपका ठेवला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. बोटी वाढल्या, रूळ पडले, इस्पितळें उभीं राहिलीं. आणि तेंच सैन्य ११ मार्च १९१७ रोजीं बगदादेंत शिरलें. शिपायांचें धैर्य दोन्ही वेळां सारखेंच होतें. पालटली ती मागची व्यवस्था.

शरण गेलेल्यांचें काय झालें? जनरल टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर आरामांत ठेवण्यांत आलें. शिपायांना मात्र उन्हांतून बगदाद, मोसूल व तेथून रास-अल-ऐनपर्यंत चालविण्यांत आलें आणि रेल्वेच्या कामावर जुंपण्यांत आलें. गोऱ्या शिपायांपैकीं दर दहांत सुमारें सात मेले. हिंदी शिपायांपैकीं सुमारें चौथा हिस्सा परत आला नाहीं. इकडे मराठा पलटणी नव्या भरतीनें पुन्हां उभ्या करण्यांत आल्या. पलटणीचा आकडा तोच; माणसें निराळीं. ११७ व्या पलटणीस पुढें 'रॉयल' ही पदवी मिळाली.

माणसांच्या या टंचाईनें आणखी एक बंद दार उघडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महार समाजाची सैन्यांतील भरती बंद केली होती. पिढ्यान्‌पिढ्या पलटणींत चाकरी केलेल्या घरांना ती मोठी ठेंच होती. १९१७ सालीं माणसें कमी पडूं लागतांच १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध आटोपल्यावर १९२१ सालीं ती मोडण्यांतही आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, बेळगांव येथें महार रेजिमेंट उभी झाली, तेव्हां कोठें तें दार कायमचें उघडलें. झिजविण्याच्या युद्धास माणूस हवा असतो तोंवर त्याची जात आड येत नाहीं. गरज सरली कीं ती पुन्हां आठवते, हेंही या हिशेबांत नोंदून ठेवावयास हवें.

बसरा येथें १९२९ सालीं एक स्मारक उभारण्यांत आलें. ज्यांच्या कबरींचा पत्ता नाहीं अशा ४०,००० हून अधिक लोकांचें तें स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं गेलीं. परंतु साध्या हिंदी शिपायाच्या वांट्यास पलटणीचें नांव व त्यापुढें मेलेल्यांची संख्या, इतकेंच आलें. आपल्याकडेही कित्येक गांवांच्या चावडीवर अशाच शिळा बसविल्या गेल्या : या गांवांतून इतके गेले, पैकीं इतके मेले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जण त्या युद्धांत कामास आले असें सांगतात. २०२१ सालीं राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक मंडळानें स्वतःच चौकशी करून कबूल केलें कीं, ४५ ते ५४ हजार मृतांची, ज्यांत हिंदी व आफ्रिकी लोकांचा मोठा भरणा होता, स्मारकांत बरोबरीनें नोंद झाली नाहीं. चूक मान्य होण्यास शंभर वर्षें लागलीं!

आजही जगांत कोठें ना कोठें आघाडी खिळून राहते, आणि सकाळच्या वर्तमानपत्रांत मेलेल्यांचे आकडे येतात. ते वाचतांना कूतची आठवण ठेवावी. आकडा सेनापतीच्या उपयोगाचा असतो. घराला नांव हवें असतें.

वरळीच्या जुन्या चाळी आतां पडत आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टांत पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बिऱ्हाड हलवितांना माळ्यावरच्या ट्रंका उघडतात. एखाद्या ट्रंकेंत पणजोबांचें काळवंडलेलें पदक निघालें, तर तें मोडींत घालूं नये. त्याची कड पुसून उजेडांत धरावी. हिंदी शिपायांना दिलेल्या त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. बसऱ्याच्या दगडावर जें नांव आलें नाहीं, तें तेथें सांपडण्याचा संभव आहे. तें वाचावें, आणि घरांतील लहान मुलांकडून वहींत लिहवून घ्यावें.