बडोद्याचे आवाज : ऐकावेत असे

हल्ली प्रवासात, स्वयंपाक करताना, सकाळी फिरायला जाताना लोक कानांना काही ना काही लावून असतात. पॉडकास्टमुळे ऐकण्याची सवय पुन्हा लागते आहे, ही चांगली गोष्ट आहे. "ऐकण्यासारखे काही सुचवा" असे कोणी म्हटले की मी मात्र जुन्या ध्वनिमुद्रिकांची नावे सांगतो, आणि त्यांतली बरीच बडोद्याची निघतात. बहुतेक तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत. पण त्या क्रमाने ऐकल्या तर एका संस्थानाने गाणे कसे सांभाळले, आणि सांभाळूनही काय निसटले, हे कळते. तो क्रम वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

सुरुवात करायला हवी ती ऐकायलाच मिळत नाही अशा एका गायकापासून. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा काढली. घराण्याबाहेर विद्या जाऊ न देण्याचा तो काळ. अशा काळात सामान्य घरांतल्या मुलांना वर्गात बसवून, लिपीबद्ध केलेली गाणी त्यांनी शिकवली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, तिचे मूळ या शाळेत आहे. दरबारात गवयांसाठी 'कलावंत कारखाना' नावाचे खातेच होते. त्याला नियम होते, रजेचे अर्ज होते, दंडही होते. गवई हा सरकारी नोकर ठरला! हा सारा व्यवहार कागदावर आला, गाणेही कागदावर आले. पण १८९६ साली मौलाबक्ष गेले तेव्हा हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरूच व्हायचे होते. त्यांची पद्धत राहिली, आवाज गेला.

तो आवाज कसा असेल याचा थोडा अंदाज नातवावरून बांधता येतो. इनायत खाँ यांचा जन्म बडोद्यातला, १८८२ चा. पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचार नेणारे म्हणून ते जगाला माहीत झाले, पण त्याआधी ते पक्के गवई होते. १९०९ साली कलकत्त्यात त्यांची ३१ गाणी मुद्रित झाली. दुसऱ्याच वर्षी ते अमेरिकेला गेले आणि हळूहळू गाणे मागे पडले. म्हणजे बडोद्याच्या त्या पहिल्या शाळेच्या वळणाचे गाणे आपल्या हाती आले ते जवळजवळ निसटता निसटता. ऐकताना एक लक्षात ठेवावे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, गायकाला भोंग्यात तोंड घालून गावे लागे. खरखर पुष्कळ आहे. पहिल्यांदा ऐकताना कानाला ती खरखरच ऐकू येते, दुसऱ्यांदा तिच्यामागचा तरुण गळा.

यानंतर अब्दुल करीम खाँ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ते बडोद्याच्या दरबारी होते. राजघराण्याशी नात्याने जोडलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांची शिष्या होती. दोघांनी लग्न करायचे ठरवल्यावर बडोदे सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. दरबाराने एक गवई गमावला, पण महाराष्ट्राला मिरजेचे ते सगळे सूर मिळाले. सुरेशबाबू माने, हिराबाई, सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. पुढे १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. १९०५ साली मिरजेत जन्मलेली हिराबाई वडिलांचे नाव न लावता 'बडोदेकर' झाली, म्हणजे ज्या गावाने आईबापांना निघायला लावले त्याच गावाचे नाव मुलीने आयुष्यभर मिरवले. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० नंतरच्या दशकातली झिंझोटीतली ठुमरी आधी ऐका, आणि लगेच हिराबाईंची कुठलीही जुनी तबकडी लावा. स्वर लावण्याची ती हळुवार रीत दोघांचीही आहे. नाते नावात नसले तरी गळ्यात कसे राहते, ते समजायला पाच-सहा मिनिटे पुरतात.

आता पुन्हा एक रिकामी जागा. भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. बडोद्याच्या फैज महंमद खाँकडे त्यांनी तालीम घेतली. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. पण ते ऐकू येतात. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'ची पदे त्यांनीच बांधली, आणि ती बालगंधर्वांच्या आवाजात मुद्रित आहेत. आम्हा गोवेकरांना तर त्यांचा माग घरातच लागतो. ताराबाई शिरोडकर त्यांच्या शिष्या, आणि केरीच्या केसरबाईंनी अल्लादिया खाँसाहेबांकडे जाण्याआधी अब्दुल करीम खाँ, वझेबुवा आणि भास्करबुवा या तिघांकडे धडे घेतले. केसरबाईंची ध्वनिमुद्रिका ऐकताना गोव्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या गाण्याच्या पायात दोन दगड बडोद्याहून आलेले आहेत हेही लक्षात असावे.

फार थोड्यांना माहीत असलेले एक नाव म्हणजे लक्ष्मीबाई जाधव. मूळच्या कोल्हापूरच्या, अल्लादिया खाँचे बंधू हैदर खाँ यांच्या शिष्या, आणि पुढे अनेक वर्षे बडोद्याच्या दरबारगायिका. केसरबाईंच्याच घराण्याचे हे गाणे, पण चाल वेगळी, जास्त मोकळी. धोंडूताई कुलकर्णी या दोघींकडेही शिकल्या. लक्ष्मीबाई आणि केसरबाई पाठोपाठ ऐकल्या तर घराणे म्हणजे साचा नव्हे, एवढे तरी उमगते.

शेवटी फैयाज खाँ. हे नाव सर्वांत शेवटी ठेवले ते मुद्दाम, कारण त्यांच्यानंतर दुसरे काही लावावेसे वाटत नाही. आग्रा घराण्याचा हा गवई १९१२ च्या सुमारास बडोद्याला आला आणि ५ नोव्हेंबर १९५० ला तिथेच वारला. म्हैसूर दरबाराने 'आफताब-ए-मौसिकी' म्हणजे संगीताचा सूर्य म्हटलेला हा माणूस. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली ती याच खाँसाहेबांकडे शिकण्यासाठी. कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीच्या तबकड्यांपैकी ललत आणि नटबिहाग ऐकाच. नोमतोम आलाप, चीज, लयीशी खेळणे, हे सारे तीन मिनिटांत कोंबलेले असूनही घाई कुठे जाणवत नाही. मग आकाशवाणीवरची त्यांची लांब मुद्रणे ऐका. तिथे तीन मिनिटांची अट नाही. खर्जातला तो भरदार आवाज आणि समेवर येण्याचा तो ऐटबाज ढंग कळायला तेवढा वेळ हवाच.

वडोदऱ्यात त्यांची कबर आहे. २००२ च्या दंगलीत तिची नासधूस झाली. ज्याने अर्धे आयुष्य या शहराला गाऊन दाखवले, कृष्णाची पदे तितक्याच प्रेमाने गायली, त्याच्या थडग्यावरही हात उगारला गेला. दगड फोडता येतो. पण हिंदुस्थान कंपनीची तबकडी ज्याने एकदा ऐकली त्याच्या कानातून ती कोण काढणार? मात्र हे ऐकणाऱ्यांवरच अवलंबून आहे. संस्थान गेले, कलावंत कारखाना गेला, दरबारही गेला. आता या गाण्याला आश्रय आहे तो आपल्या कानांचा.

संग्राहकांनी जपलेल्या यांतल्या बऱ्याच तबकड्या आज इंटरनेटवर सहज सापडतात. इनायत खाँ, मग अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई, मग बालगंधर्वांची स्वयंवराची पदे, लक्ष्मीबाई, केसरबाई आणि फैयाज खाँ. प्रत्येकाची एकेक तबकडी धरली तर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. एका पॉडकास्टला लागतो त्याहून वेळ जास्त नाही. फक्त ऐकताना दुसरे काम करू नये.