टोपण काढलं की तलवार

कादंबऱ्यांचा नायक पर्सी जॅक्सनच्या खिशात एक साधं बॉलपेन असतं. टोपण काढलं की हातात कांस्याची लखलखती तलवार. हरवलं, फेकून दिलं, तरी थोड्या वेळानं पेन पुन्हा खिशात हजर! (असं एखादं आमच्या दप्तरात असतं, तर दर पंधरवड्याला आईची बोलणी खावी लागली नसती.) तलवारीचं ग्रीक नाव अनाक्लुस्मोस, म्हणजे बेसावध माणसाला ओढून नेणारा समुद्रप्रवाह. पर्सी समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, तेव्हा नाव शोभतं.

या पेनाला दोन कुळं आहेत: एक पुस्तकाबाहेरचं, एक पुस्तकातलं.

बाहेरचं असं. पर्सीचे लेखक, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे रिक रायर्डन पंधरा वर्षं शाळामास्तर होते. इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. त्यांचा थोरला मुलगा दुसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं निदान झालं. शाळा नकोशी, आवडायच्या फक्त ग्रीक पुराणकथा. बाप रोज झोपताना त्याच सांगायचा. एके दिवशी कथा संपल्या, आणि पोरानं फर्मावलं, नवी रचून सांग. तेव्हा मास्तरांना स्वतःच दिलेला गृहपाठ आठवला. सहावीच्या मुलांना ते सांगत: हव्या त्या देवाचं एक मूल कल्पा आणि त्याला मोहिमेवर धाडा. आता तो गृहपाठ त्यांच्यावरच उलटला. गोष्ट तीन रात्री चालली.

पर्सीलाही रायर्डननी तीच दोन निदानं दिली. अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात, कारण मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला. एका जागी बसवत नाही, कारण अंगात रणांगणावरची चपळाई. डॉक्टर यावर मान डोलावणार नाहीत. पण अंथरुणात पडून ऐकणाऱ्या त्या पोराला याहून चांगलं औषध कुणी दिलं असतं, असं मला वाटत नाही.

गोष्ट कागदावर उतरायला वर्षभर लागलं. मग रायर्डननी हस्तलिखित आपल्याच काही विद्यार्थ्यांना वाचायला दिलं. पुस्तकाचं नाव त्यांच्या मदतीनं ठरलं, आणि ही जादूची तलवारही. 'द लाइटनिंग थीफ' 2005 साली आलं. जुन्या ग्रीक कथेतल्या पर्सिअस या वीराला शस्त्रं मिळतात ती देवांच्या कृपेनं. आपल्या पर्सीकडे ते पेन पहिल्यांदा भिरकावतो तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात सहलीला आलेला, चाकाच्या खुर्चीतला लॅटिनचा मास्तर. पोरांच्या डोक्यातून आलेलं हत्यार दुसऱ्या कुणाच्या हातून यायचं?

आता पुस्तकातलं कुळ. ते मालिकेच्या तिसऱ्या भागात, 2007 साली उघड झालं. ही तलवार आधी झोई नावाच्या एका मुलीच्या केसातला आकडा होती. तिनं तो हेराक्लिसला दिला. त्यानं पराक्रम गाजवला, आणि तिचं नावही कुठे घेतलं नाही.